बेटांनी गमावलेली लेकरे

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी अटलांटिक महासागरातील केप व्हर्दे या द्वीपराष्ट्राने राजधानी प्राया येथे एस्वातिनीच्या संघावर तीन गोलांनी मात केली आणि विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळविला. सेनेगालच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरील दहा बेटे आणि त्यांवर राहणारी पाच लाखांच्या आसपास माणसे, एवढाच या राष्ट्राचा संसार. त्याच्याच गटात आठ वेळा विश्वचषक खेळलेले कॅमेरून होते. दहा सामन्यांअखेर कॅमेरूनचे गुण १९ आणि केप व्हर्देचे २३ झाले. या पराक्रमाचे जगभर कौतुक झाले. परंतु कौतुकाच्या पाठोपाठ दोन आक्षेपही आले. त्यांपैकी दुसरा केवळ खेळापुरता नसल्यामुळे त्याचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, २०२६ च्या स्पर्धेसाठी संघांची संख्या ४८ झाली, आफ्रिकेच्या थेट जागा पाचावरून नऊ झाल्या, म्हणूनच लहानांना दार उघडले. हा विस्तार ‘फिफा’ने लहान राष्ट्रांवरील प्रेमापोटी नव्हे, तर उत्पन्नावर डोळा ठेवून केला, यात शंका नाही. परंतु केप व्हर्दे कोणाच्या मेहेरबानीने आत आलेले नाही. ते गटात पहिले आले, आणि पहिल्या क्रमांकाला विस्ताराच्या कुबड्या लागत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक विषारी आहे. या संघातील अनेक खेळाडू हॉलंड, पोर्तुगाल, फ्रान्स येथे जन्मले आणि तेथेच खेळ शिकले. मग हा राष्ट्राचा संघ कसा, असे विचारले जाते. बचावफळीतील रॉबर्टो लोपेस तर डब्लिनचा. आई आयरिश, वडील केप व्हर्देचे. २०१८ साली प्रशिक्षकांनी ‘लिंक्डइन’वरून पोर्तुगीज भाषेत पाठविलेला निरोप त्याला कळलाच नाही आणि तो कित्येक महिने अनुत्तरित पडून राहिला. ही हकीगत गमतीदार म्हणून सांगितली जाते. पण ज्या देशाच्या लेकराला आपल्या पित्याच्या देशाची हाक वाचता येत नाही, त्या देशाचे पूर्वी काय झाले असेल, हा प्रश्न हसणाऱ्यांच्या मनात येत नाही.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. पंधराव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा ही बेटे निर्मनुष्य होती. तेथील समाजच गुलामांच्या व्यापारातून निर्माण झाला. पाऊस बेभरवशाचा आणि जमीन मोजक्यांच्या ताब्यात. १९४० च्या दशकातील दोन दुष्काळांत हजारो माणसे अन्नावाचून मेली आणि लिस्बनचे सरकार थंड राहिले. जे जगले त्यांतील अनेकांना करारबद्ध मजूर म्हणून साओ तोमेच्या कोकोच्या मळ्यांवर धाडण्यात आले. त्याआधीच बेटांवरील तरुण देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकी जहाजांवर चढून मॅसॅच्युसेट्सला पोहोचले होते. पुढच्या पिढ्या लिस्बनच्या बांधकामांवर आणि रॉटरडॅमच्या गोदीत राबल्या. आज बेटांवर राहणाऱ्यांपेक्षा बेटांबाहेर राहणारे अधिक आहेत, असे मानले जाते. ही माणसे हौसेने परागंदा झाली नाहीत. त्यांना ज्या व्यवस्थेने हाकलले, तिचेच वारस आता त्यांच्या नातवंडांकडे जन्मदाखला मागत आहेत.

हिशेबच करावयाचा तर तो पुरता करावा. स्वीडनला विश्वचषकात गोल मिळवून देणाऱ्या हेन्रिक लार्सनचे वडील केप व्हर्देचे होते. पोर्तुगालचा नानी याच वंशाचा. त्या वेळी या देशांचे संघ खरे राष्ट्रीय आहेत काय, असे कोणी विचारले नाही. श्रम वा कौशल्य दरिद्री देशाकडून धनिक देशाकडे गेले की ती जगाची रीत ठरते. उलट दिशेने थोडेसे परत आले की मात्र नियम आठवतात.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात ज्या सत्तेला आव्हान दिले, तीच सालाझारशाही सांतियागो बेटावरील ताराफालच्या छळछावणीत आपल्या विरोधकांना डांबीत होती. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटना एकत्र आल्या. त्या आघाडीच्या उभारणीत केप व्हर्दे व गिनी-बिसावच्या मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांच्याबरोबर आक्विनो द ब्रागांसा हे गोमंतकीयही होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. काब्राल यांची मात्र जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्री येथे हत्या झाली. ५ जुलै १९७५ चा स्वातंत्र्यदिन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

स्वातंत्र्यानंतरही दुष्काळ पडले, परंतु भूकबळींची ती मालिका पुन्हा घडली नाही. परदेशांतून आलेले मदतीचे धान्य फुकट न वाटता बाजारात विकावयाचे आणि त्या पैशातून बांधबंदिस्ती, वृक्षलागवड, रस्ते यांवर लोकांना मजुरी द्यावयाची, असे धोरण नव्या राज्याने आखले. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना ज्यांनी पाहिली, त्यांना त्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. विश्वचषकाची वाट अशा बांधांवरूनच गेली आहे. कारण ज्या देशात माणूस जगण्याची शाश्वती नसते, तेथे संघ उभा राहत नाही.

ती वाट लांबचीच होती. केप व्हर्देने ‘फिफा’चे सदस्यत्व १९८६ साली घेतले आणि विश्वचषकाची पात्रता फेरी प्रथम २००२ च्या स्पर्धेसाठी खेळली. २०१३ साली आफ्रिकी राष्ट्रचषकाच्या पदार्पणातच संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. त्या वेळचे प्रशिक्षक लुसियो आंतुनेस हे विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रक होते. त्याच वर्षी ट्युनिशियाला हरवून विश्वचषकाच्या पात्रतेची अंतिम फेरी गाठली असता, निलंबित खेळाडूस उतरविल्याच्या कारणावरून तो सामना ट्युनिशियाला बहाल झाला. हा घाव सोसून संघ बारा वर्षांनी परत आला, आणि या वेळी प्रशिक्षक होते बोआ व्हिस्ता बेटाचे, राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार बुबिस्ता.

तथापि आनंदाच्या भरात डोळे मिटून चालणार नाही. बेटांचा निर्वाह आजही मुख्यतः पर्यटन आणि परदेशस्थांनी धाडलेला पैसा यांवर चालतो. साल आणि बोआ व्हिस्ता या बेटांवर परकी भांडवलाची हॉटेले उभी आहेत. प्रायाचे राष्ट्रीय क्रीडांगण चिनी मदतीने बांधलेले आहे. स्थानिक क्लबांजवळ पोटापुरता पैसा नाही, म्हणून होतकरू मुलगा पहिली संधी मिळताच युरोपची वाट धरतो. विश्वचषकाचा पैसा शाळांच्या मैदानांकडे, बेटाबेटांवरील प्रशिक्षकांकडे आणि मुलींच्या संघांकडे वळला नाही, तर हा विजय युरोपातील क्लबांच्या दलालांची फुकट जाहिरात ठरेल. पूर्वी मजूर निर्यात होत, आता खेळाडू होतील.

म्हणूनच या विजयाकडे चमत्कार म्हणून पाहणाऱ्यांपासून कार्यकर्त्यांनी सावध राहावे. चमत्कार म्हटले की कारणे शोधावी लागत नाहीत. राष्ट्र म्हणजे नकाशावरील रेघ नव्हे आणि कचेरीतील दाखलाही नव्हे. ज्यांना दारिद्र्याने घराबाहेर काढले, त्यांनी तीन पिढ्या घरी पैसा पाठविला, घरची भाषा जमेल तशी जपली आणि हाक आली तेव्हा ते परत आले. त्यांचा हक्क कोणत्याही दाखल्याहून जुना आहे. स्थलांतरित श्रमिकाला जेथे जेथे ‘तू कुठला?’ असे दरडावून विचारले जाते, तेथे तेथे त्याच्या बाजूने उभे राहणे हे समाजवाद्यांचे काम आहे. दहा बेटांच्या या संघाने मैदानावर त्याला एक पुरावा पुरविला आहे. राजकारणात तो मांडण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे.