‘साहेबांना पाठवा!’

आमच्या गटातली एक मैत्रीण खडकीत राहते. डबे पोचवण्यासाठी तिनं जुनी मारुती ८०० घेतली आहे, १९९८ सालची. गेल्या पावसाळ्यानंतर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. ती गॅरेजात गेली. चाक न काढताच सांगण्यात आलं, “दोन्ही कॅलिपर गेलेत. साडेसहा हजार.” ती म्हणाली, “काढून दाखवा, काय झालंय ते.” उत्तर आलं, “मॅडम, तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवा.”

तिच्या घरी साहेब नाहीत. आठ वर्षांपूर्वीच ती त्यांच्या घरातून बाहेर पडली. पण असते तरी काय? साहेबांना कॅलिपर कळतो हे कुणी ठरवलं? आपल्या ओळखीतल्या किती साहेबांनी आयुष्यात एकदा तरी चाक खोललंय? पुरुषाला न येणारी गोष्टही त्याला येते असं धरून चालायचं आणि बाईला येणारी गोष्टही येत नाही असं धरून चालायचं, याचे पैसे शेवटी बाईच्याच पाकिटातून जातात.

आणि हे कुठे घडतं? खडकीत! इथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. रणगाडे दुरुस्त करणारं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप इथलंच. या वस्तीत पाने नसलेलं घर शोधावं लागेल. पण ती पेटी बापाची. बापानंतर भावाची. मुलीच्या वाट्याला काय, तर शिलाई मशीन. त्यातली बॉबिन अडकली, टेन्शन बिघडलं, तर ती स्वतःच खोलते, साफ करते, तेल घालते. तेव्हा मात्र तिला ‘यंत्रातलं कळतं’ असं कुणी म्हणत नाही.

कायदाही फारसा वेगळा बोलत नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याचं बावीसावं कलम काढून वाचा. चालू यंत्र पुसणं, त्याला तेल देणं यांची मनाई करताना बाई आणि अल्पवयीन मूल यांना एकाच वाक्यात बसवलं होतं. कारण संरक्षणाचं होतं, मान्य. पण चालू यंत्रापासून फक्त बाईचा हात वाचवायचा आणि पुरुषाचा नाही, हे कसलं संरक्षण?

टेल्कोची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९७४ मध्ये स्त्रियांनी अर्ज करू नये अशी जाहिरात निघाली, सुधा कुलकर्णींनी (पुढे मूर्ती) जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना तिथे नोकरी मिळाली. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी एका हुशार मुलीचं आणि एका मोठ्या मनाच्या मालकाचं कौतुक करतो आणि थांबतो. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात बायकांनी चालवलेली जुळणीची अख्खी लाईन आहे. त्यातली एखादी संध्याकाळी स्वतःची गाडी घेऊन गॅरेजात गेली, तर तिलाही विचारतील, साहेब कुठे आहेत?

तर आम्ही ठरवलं, आपणच खोलायचं. शेजारी एक काका आहेत, फिटर म्हणून निवृत्त झालेले. पेटी घेऊन आले आणि लगेच बाह्या सरसावून म्हणाले, “द्या इकडे, दहा मिनिटांचं काम.” आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि हात मांडीवर ठेवून बसायची विनंती केली. त्या माणसाला त्या दिवशी यापेक्षा कठीण शिक्षा देता आली नसती.

सपाट जागा. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक. काका खुर्चीतून ओरडले, “नुसत्या जॅकवर नाही!” खरं आहे. जॅक सरकतो. खाली लोखंडी स्टँडचा टेकू दिल्याशिवाय कुणीही हात घालू नये. चाक निघालं. स्टिअरिंग वळवलं की कॅलिपरची मागची बाजू समोर येते. तिथे दोन बोल्ट. त्यांची डोकी आतल्या बाजूला, त्यामुळे बाहेरून बघताना फिरवायची दिशा उलटी वाटते. आम्ही पहिला बोल्ट चांगलाच आवळला! मग लक्षात आलं. पान्याला पाईप लावून जोर दिला तेव्हा सुटला. जोर कमी पडतो ही तक्रार तिथेच संपली. जोर लांबीत असतो.

कॅलिपर डिस्कवरून सरकवून काढला. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, नळी आतून फाटते. आम्ही तो तारेनं स्प्रिंगला बांधला. तो बाहेर असताना ब्रेकला पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर येतो. नळी सोडवलीच नाही, कारण ती सोडवली तर तांब्याचे वॉशर नवे लागतात आणि लाईनमधली हवा काढावी लागते. धूळ फुंकायची नाही, जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आणि आजार सापडला. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. आतला पॅड झिजून पत्रा दिसत होता, बाहेरचा निम्मा शाबूत. पिस्टन बोटानं दाबून बघितला, नीट आत जात होता. रबरही फाटलेलं नव्हतं. कॅलिपर गेलेलाच नव्हता! पिना घासल्या, उष्णतेत न वितळणारं ग्रीस लावलं, नवे पॅड बसवले. खर्च हजाराच्या आत.

आता आक्षेप. आमच्याच बैठकीत एकजण म्हणाली, ब्रेक म्हणजे जीव, हा खेळ नाही. अगदी बरोबर. म्हणून तर माहीत हवं. बोल्ट पक्के आवळले का आणि निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं का, हे तपासायला आपल्याला कळायला हवं. कॅलिपरमधून ऑइल गळत असतं, तर आम्हीही गॅरेजच गाठलं असतं, पण काय बिघडलंय ते सांगून. दुसरी म्हणाली, गाडी हा मध्यमवर्गाचा प्रश्न. डबेवालीला विचारा. आणि गॅरेजातल्या पोराशी आपलं भांडण नाही. तो बघून बघून शिकला, कारण त्याला बघू दिलं. आपल्याला बघूही देत नाहीत.

मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही बघू या. आरोग्यशिबिरांत आपण स्वतःचं शरीर जाणून घ्यायला शिकलो, डॉक्टरांना प्रश्न विचारायला शिकलो. पोलीस ठाण्यात तक्रार कशी नोंदवायची ते गावोगाव शिकवलं. आणि रोजगाराचा विषय निघाला की? शिवण, पापड, मेंदी. पाना आपल्याही शिबिरात येत नाही. पुढच्या शिबिरात अर्धा दिवस द्या. एक जुनी गाडी, दोन स्टँड, एक पान्यांचा संच. भाषणं एका सत्रानं कमी झाली तर कुणाचं नुकसान होणार नाही.

दुपारी आम्ही उजवं चाक काढलं. एका वेळी एकच बाजू, म्हणजे विसरलं तर दुसरीकडे बघता येतं. तोवर काकांची थोरली मुलगी आली होती, पन्नाशीची. तिनं न विचारता पेटीतून नेमका पाना उचलून हातात दिला. आम्ही चमकून बघितलं. लहानपणी रोज संध्याकाळी वडिलांचे पाने पुसून मापाप्रमाणे लावून ठेवायचं काम तिचं होतं, ती म्हणाली. काका काही बोलले नाहीत. दुसरा बोल्ट तिनं सोडवला.