वर्गणी की डोकेमोजणी?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. दर रविवारी फोनवर ऐकवतो, "मावशी, इकडे साधा माणूस पाच-दहा डॉलर देऊन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार उभा करतो. तुमच्याकडे आहे का असं?" गंमत म्हणजे त्याला स्वतःला एक डॉलरही देता येत नाही. तो व्हिसावर आहे. परदेशी नागरिकाची देणगी तिकडच्या कायद्याला चालत नाही, ग्रीन कार्ड हाती आलं तरच चालते. म्हणजे लग्न दुसऱ्याचं आणि नाचतोय हा!

तो सगळंच खोटं बोलतो असं नाही हं. २००३ साली उपाध्यक्ष डिक चेनी यांची दोन हजार डॉलरला एक ताट अशी जेवणावळ होती. व्हरमाँटचे हॉवर्ड डीन त्याच वेळी संगणकासमोर सँडविच खात बसले, आणि लोकांनी घरबसल्या त्या जेवणावळीपेक्षा जास्त पैसे त्यांना जमवून दिले. २०१६ ला बर्नी सँडर्स यांचा 'सरासरी सत्तावीस डॉलर' हा आकडा तर सभेतले लोकच ओरडून सांगायचे. मला ते आवडलं होतं. आणि २०२० मध्ये ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातून शंभर कोटी डॉलरच्या घरात पैसा ओतला, तेव्हा जिंकलं काय, तर एकटं अमेरिकन सामोआ. छान झालं.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं ठरवलं की पहिल्या वादसभेत उभं राहायचं तर चाचण्यांत ठरावीक टक्के तरी हवेत, नाहीतर ६५,००० देणगीदार दाखवा. झालं! रक्कम राहिली बाजूला, डोकी मोजणं सुरू झालं. एक डॉलर मिळवण्यासाठी जाहिरातीवर कितीतरी डॉलर जायला लागले. २०२३ ला रिपब्लिकन पक्षानं ४०,००० देणगीदारांची अट घातली, तेव्हा नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी काय करावं? एक डॉलर द्या, वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड घ्या. ह्याला देणगी म्हणायचं? आमच्याकडे साडीच्या दुकानात स्टीलचा डबा मोफत देतात, पण तो दुकानदार निदान लोकशाहीचं नाव तरी घेत नाही.

त्याहून वाईट प्रकार २०२० च्या ट्रम्प यांच्या प्रचारात झाला. देणगीच्या पानावर 'पुन्हा पुन्हा कापा' या चौकटीत खूण आधीच करून ठेवलेली. ती काढायची राहिली की पैसे दर महिन्याला, पुढे तर दर आठवड्याला जात राहिले. कितीतरी म्हाताऱ्या माणसांना खात्यातली रक्कम संपल्यावर हे कळलं. एकदाच द्यायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत असा हात घालायचा, याला माझ्या आईनं चोरीच म्हटलं असतं.

आणि देणाऱ्याला मिळतं काय? दिवसाला दहा निरोप. 'आज रात्री बारापर्यंत पाठवा, नाहीतर सगळं संपलं.' उमेदवार रिंगणातून बाहेर पडला तरी देणगीदारांच्या नावांची यादी काही मरत नाही, ती भाड्यानं दुसऱ्याकडे जाते. आपल्याकडे काळ्यांच्या पैसा फंडात लोकांनी एकेक पैसा दिला, तर तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. डोळ्यांनी दिसला तो. आमच्या महिला मंडळात पन्नास रुपये देणारी बाईसुद्धा वर्षाच्या सभेत उठून विचारते, "चहाला एवढे कसे गेले ओ?" आणि खजिनदारबाईंना उत्तर द्यावं लागतं. मी तीन वर्षं खजिनदार होते, म्हणून सांगते.

भाचा म्हणतो, मोठ्या शेठजींच्या पैशापेक्षा हे बरं. बरं आहेच, मी कुठं नाही म्हणते? पण लाखभर लोकांनी दिले, एवढ्यावर तो गप्प बसवू बघतो, ते मला चालत नाही. त्या लाखातल्या एकानं तरी उठून हिशेब मागितला का, हे मी त्याला येत्या रविवारी विचारणार आहे.