चाळणीशिवायचं अजिंक्यपद

'राष्ट्रीय विजेता' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चाळणी येते. तालुका, जिल्हा, राज्य, मग देश. हौशी कार्टिंगमध्ये ही चाळणीच नाही. परवाना, इंजिन, टायर, मेकॅनिक यांचा खर्च बापाला झेपला की पोरगं थेट राष्ट्रीय ग्रिडवर. जिंकणारी मुलं गुणी असतात, त्याबद्दल वाद नाही. पण ती कितींतून निवडली गेली, हे विचारायचंच नाही का? गंमत म्हणजे कारभार पाहणाऱ्या संघटनेचं नावच फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. क्लब नावात आहेत, पालघर-बोईसरच्या मुलाला दिसत मात्र नाहीत.

आम्हा पालघरकरांना हे जास्त टोचतं, कारण शिडी काय करते ते आम्ही पाहिलंय. इथल्या माहीमचा शार्दूल ठाकूर किट घेऊन लोकलने मुंबई गाठायचा. जिद्द त्याचीच, पण पलीकडे शालेय आणि क्लब क्रिकेट उभं होतं. कांगा लीग १९४८ पासून भर पावसात खेळली जाते. तिथे खालच्या गटात चमकलेला संघ वर चढतो, वरचा घसरला की खाली येतो. बोईसरच्या पोराने कार्ट घेऊन कुठे जायचं? लगेजच्या डब्यात ती मावली तरी उतरायचं कुठे? कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो इथून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास.

"खेळच श्रीमंतांचा" हे उत्तर मला मान्य नाही. खर्च नियमांनी ठरतो. रोटॅक्सचं १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन ऑस्ट्रियाहून सीलबंद येतं आणि अधिकृत केंद्रातच उघडायचं असतं. वरच्या पातळीवर हे योग्यच, लबाडीला आळा बसतो. खालच्या पातळीवर मात्र तेच दाराचं कुलूप होतं. तारापूर एमआयडीसीत लेथवर मायक्रॉनची भाषा बोलणारे हात आहेत. त्यांना या खेळात कामच नाही.

क्लब पातळीवर साधी फोर-स्ट्रोक इंजिनं वापरा. कार्ट क्लबच्या मालकीच्या, कोणाला कुठली ते चिठ्ठी टाकून. हलक्या मुलाच्या सीटला शिशाची वजनं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते मे, महिन्याला एक रविवार, आठ फेऱ्या. त्यातले सर्वोत्तम सहा निकाल धरायचे, म्हणजे दहावीची परीक्षा किंवा घरचं लग्न आलं तरी मोसम बुडत नाही. मुद्दाम धडक देऊन बाद झालेल्याला मात्र ती फेरी वगळू द्यायची नाही. क्लबच्या गुणतक्त्यातून विभाग, विभागातून राष्ट्रीय. पैसे भरून मधल्या स्टेशनवर चढायची सोय बंद.

ग्रिड आधीच पातळ, अटी घातल्या तर प्रायोजक पळतील, असं आयोजक म्हणतील. खाली कोणी पेरलंच नाही म्हणून तर ग्रिड पातळ! दुसरे म्हणतील, आधी ट्रॅक बांधा. कशाला? सुट्टीच्या दिवशी एखाद्या कारखान्याचा रिकामा, सपाट ट्रकतळ, भोवती बांधलेल्या टायरांची भिंत, बारा कार्ट, प्रशिक्षित मार्शल, एक रुग्णवाहिका आणि संघटनेच्या निरीक्षकाची सही. पहिल्या मोसमाला एवढं पुरेल.