गोळी, महिने आणि आजोबा

फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे विडी-सिगारेटचे फळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे ज्या घरात तीन पिढ्यांत तंबाखूला कोणी शिवलेले नाही, तेथे सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना हा रोग निघाला की कुटुंब प्रथम अविश्वासाने आणि मग अकारण अपराधी भावनेने ग्रासले जाते. वस्तुतः धूम्रपान न करणाऱ्यांतही हा रोग होतो. ईजीएफआर या जनुकातील बदलाचा प्रकार तर त्यांच्यातच अधिक आढळतो. असा बदल तपासणीत सापडल्यास रोज एक गोळी घेण्याचा, म्हणजे लक्ष्यवेधी उपचाराचा, मार्ग खुला होतो.

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यातील वृद्धाला या गोळीचे मोल निराळेच. परळचे टाटा मेमोरियल किंवा खारघरचे त्याचेच केंद्र गाठायचे, तर पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटी बंद आणि वडखळ-पनवेलचा रस्ता हाडे खिळखिळी करणारा. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून केमो घेण्यासाठी ही फेरी करणे आणि गोळ्या घेऊन घरी परतणे, या एकच गोष्टी नव्हेत.

मग प्रश्न येतो, किती महिने? डॉक्टर सांगतात तो आकडा बहुधा मध्यक असतो. निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. ती मुदत ठेवीची परतफेडीची तारीख नव्हे. टाटा मेमोरियलच्या 350 रुग्णांच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ जेफिटिनिबची गोळी घेणाऱ्यांत रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक 8 महिने होता, तर गोळीला केमोची जोड दिलेल्यांत 16. केवळ गोळीवर जगण्याचा मध्यक 17 महिने भरला; जोड-उपचारातील निम्म्याहून अधिक रुग्ण तोवर हयात होते. परंतु तीव्र दुष्परिणामही एक-चतुर्थांशांवरून निम्म्या रुग्णांपर्यंत वाढले. शिवाय त्यातील बहुसंख्य रुग्ण साठीच्या आतले होते, हे वृद्धाच्या घरच्यांनी विसरू नये.

जपानमध्ये 75 वा त्याहून अधिक वयाच्या 31 रुग्णांना केवळ जेफिटिनिब देण्यात आले. त्यांच्या वयाचा मध्यक 80 होता आणि रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक 12.3 महिने आला. 31 ही संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत बांधता येणार नाही. तरीही ‘या वयात आता काय उपचार’ या वाक्याला ती पुरेसे उत्तर देते. जन्मतारखेपेक्षा आजोबा स्वतः चालतात का, जेवतात का, मूत्रपिंड आणि यकृत कसे आहे, हे डॉक्टरांनी पाहणे अधिक महत्त्वाचे. ओसिमर्टिनिब हे नंतरचे औषध अधिक प्रभावी आहे आणि महागही. 2024 च्या अर्थसंकल्पात त्यावरील सीमाशुल्क माफ झाले, तरी घरच्या हिशेबात ते जडच जाते.

हे सारे आकडे बहुतेक घरांत आजोबांपासून लपवले जातात. चाळीस वर्षे पेढीची खातेवही स्वतः तपासणाऱ्या माणसाच्या आयुष्याची जमाबाकी मुले दाराबाहेर कुजबुजत मांडतात. गोळीवर थांबायचे की केमोची जोड घ्यायची, हा निर्णय मात्र त्यांच्याच देहावर अंमलात येणार असतो.

व्रतांचा प्रश्नही त्यांच्यासमोरच सुटावा. जेफिटिनिब दिवसातून एकदाच घ्यायचे असल्याने नवकारशीनंतर घेतले, तर चौविहाराला बाधा येत नाही. जुलाब हा मात्र या औषधाचा नेहमीचा त्रास. अशा वेळी निर्जळ उपवासाने शरीरातील पाणी झपाट्याने घटते. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार आहेच. महाराजसाहेबांना विचारून घ्यावे. आम्लपित्ताची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तिने औषध अंगी लागण्यात अडथळा येतो. आणि एकाएकी नवा दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. बोट बंद असो वा चालू.