नाकावरचा संगणक? राहू दे!

दर तीन-चार वर्षांनी अमेरिकेत कोणीतरी चष्मा घालून व्यासपीठावर उभं राहतं आणि जाहीर करतं, की मोबाईलचे दिवस आता भरले. लगेच आमचा भाचा मला लिंक पाठवतो. "मावशी, बघच तू, पाच वर्षांत कोणाच्या हातात फोन दिसणार नाही." हेच त्याने मागच्या खेपेलाही लिहिलं होतं. त्याच्याशी फोनवर वाद घालून दमले, म्हणून यंदा इथेच लिहून टाकते. तो वाचतोच.

माझं म्हणणं साधं आहे. समोरच्या खऱ्या जगावर अक्षरं, बाण नि चित्रं उमटवणारा हा ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा चष्मा मोबाईलसारखा घरोघरी जाणार नाही. जाईल ते वेगळंच काहीतरी, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. त्याकडे येतेच.

मी चौथीपासून चष्मा लावते. नंबर उणे साडेसहा. त्यामुळे नाकावर वस्तू बाळगणं म्हणजे काय हे निदान मला तरी कोणी शिकवू नये! चहाचा कप तोंडाशी नेला की काचांवर धुकं. पावसात स्कूटरवर समोरचं सगळं थेंबाथेंबांचं. मे महिन्यात घामाने घसरगुंडी, आणि हेल्मेट चढवताना काड्या कानशिलात रुततात त्या वेगळ्याच. लोक पैसे मोजून डोळ्यांचं लेसर करून घेतात ते हे लचांड सुटावं म्हणून. आणि ज्यांची नजर धड आहे त्यांनी हौसेने ते दिवसभर लावून हिंडायचं? थ्रीडी टीव्हीचं आठवतंय ना? घरातल्या सोफ्यावर बसून दोन तास चष्मा लावायचा, एवढीच अट होती. तेवढंही लोकांना जमलं नाही. २०१७ पर्यंत एलजी आणि सोनीनेही तो नाद सोडला.

बरं, ही कल्पना काही कालची नाही. आयव्हन सदरलंडने १९६८ मध्येच डोक्यावर घालायचा पडदा बनवला होता. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. तिथपासून आजपर्यंत वजनाशीच झटापट चालू आहे. २०१२ मध्ये गूगल ग्लासच्या जाहिरातीसाठी माणसांनी आकाशातून उड्या मारल्या. पुढच्या वर्षी तो १५०० डॉलरला काही हौशी लोकांना मिळाला आणि जानेवारी २०१५ मध्ये ती विक्री थांबलीसुद्धा. कारखान्यांसाठी काढलेली आवृत्ती २०२३ मध्ये आटोपली. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्सचं उत्पादन २०२४ मध्ये बंद केलं. मॅजिक लीपने दोन अब्ज डॉलरच्या वर भांडवल गोळा केलं, पण २०१८ मध्ये आलेलं त्यांचं २२९५ डॉलरचं यंत्र तुमच्या ओळखीत कोणी पाहिलंय? अ‍ॅपलचा व्हिजन प्रो २०२४ चा. ३४९९ डॉलर, सहाशे ग्रॅमच्या वर वजन आणि बॅटरी वेगळी खिशात! (त्याला चष्मा म्हणणं म्हणजे ट्रॅक्टरला सायकल म्हणणं, पण असो.)

भाचा म्हणतो, तंत्रज्ञान सुधारतंय. सुधारतंय की. मेटाने २०२४ मध्ये ओरायन नावाचा नमुना दाखवला, तो शंभर ग्रॅमच्या आत होता. पण त्याची आकडेमोड करणारी डबी वेगळी जवळ ठेवावी लागते, आणि तो विकायला काढलेला नाही. २०२५ मध्ये ७९९ डॉलरला जो विकायला काढला, त्यात एकाच डोळ्यासमोर छोटासा पडदा, हुकूम सोडायला मनगटावर पट्टा आणि वजन ६९ ग्रॅम. माझा चष्मा मी कालच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, २६ भरला. शिवाय तो फक्त उणे चार ते अधिक चार एवढ्याच नंबरांसाठी निघाला. म्हणजे ज्यांना चष्म्याशिवाय भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, तेच बाहेर!

काडीत मावेल एवढ्याशा बॅटरीवर भर दुपारच्या उन्हात ठळक दिसेल असं चित्र उमटवायचं, तेही कानशील न तापवता. ही अडचण भाषणं देऊन सुटत नाही.

आता नेहमीचा युक्तिवाद. मोबाईललाही लोक हसले होते. हो, हसले होते. २००३ पर्यंत आपल्याकडे इनकमिंगलाही पैसे पडायचे. तरी लोकांनी घेतला, कारण एसटीडी बूथबाहेरची रांग सगळ्यांनी भोगलेली होती. मोबाईलने ती संपवली. या चष्म्याने कुठली रांग संपणार आहे? रस्ता दाखवणं, भाषांतर करणं, निरोप वाचून दाखवणं हे सगळं फोन करतोच, आणि काम झालं की मुकाट खिशात जातो. याच तंत्राचा लोकांमधला मोठा विजय म्हणजे २०१६ चा पोकेमॉन गो. तो खेळ फोनवरच होता, आणि बॅटरी वाचावी म्हणून कितीतरी पोरं त्यातला कॅमेऱ्याचा भाग चक्क बंद करून खेळायची!

एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करते. समोरचा बोलतोय ते काचेवर अक्षरांत उमटलं, तर ऐकू कमी येणाऱ्या माणसाला ते वरदान आहे. आमच्या काकांसाठी मराठी नीट वाचता येईल असा चष्मा निघाला तर पहिला मी घेईन. पण ते श्रवणयंत्रासारखं झालं. ज्याला हवं त्याने जरूर घ्यावं. सगळ्या जगाने श्रवणयंत्र लावावं असं कोणी म्हणत नाही.

तर, जाईल ते काय? काचेवर काहीच न दिसणारा, नुसता कॅमेरा, माईक आणि स्पीकर असलेला गॉगल. रे-बॅन मेटाचे असे वीस लाख नग २०२५ च्या सुरुवातीपर्यंत विकले गेले होते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो २९,९०० रुपयांपासून भारतातही आला. भविष्य म्हणून जाहिरात एआरची, आणि पदरात पडतो तोंडावर बसवलेला कॅमेरा. हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी २०२४ मध्ये असाच चष्मा चेहरे ओळखणाऱ्या संकेतस्थळाला जोडून दाखवलं, की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव-गाव कसं निघतं. त्यांनी ते लोकांना सावध करायला केलं. सगळे तेवढ्यासाठीच करतील असं नाही.

आपल्याच घरातलं सांगते. गेल्या वर्षी एका मुंजीत एक तरुण पाहुणा असा गॉगल लावून फिरत होता. जेवणं झाल्यावर आमची एक मावशी कोपऱ्यात बसून आपल्या लेकीच्या घटस्फोटाबद्दल दोघींशी बोलत होती. रात्री तो व्हिडिओ खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने सगळाच समारंभ टिपला होता. फ्रेमवरचा दिवाही म्हणे लागलेला होता. पण तो दिवा म्हणजे काय हे सत्तरीच्या बाईला कोणी सांगितलं होतं? फोन उगारला की माणूस सावध होतो, पदर सावरतो, बोलणं थांबवतो. चष्म्याकडे बघून कोण थांबणार? ज्यांना हा प्रकार ठाऊक आहे त्यांना पुढचं माहीत आहे, इथे जास्त लिहीत नाही. मावशी त्यानंतर कुठल्या कार्याला आलेली नाही.

तेव्हा भाच्या, तू दिवाळीला येतोयस आणि तसा गॉगल घेतलायस असं ताईकडून कळलं. ये, आनंदाने ये. गॉगल दाराशी चपलांच्या शेजारी ठेवायचा. नंबर असेल तर साधा चष्मा बरोबर आण.