व्यापाऱ्याची पत
सर सेठ हुकुमचंदांच्या या इंदूर नगरीत, सराफ्यात, एके काळी हुंडी सकारली जाई ती नावाच्या बळावर. आज सिबिलसारख्या कंपन्या माणसाची पत ३०० ते ९०० या अंकांत मांडतात. हप्ता चुकला की अंक उतरतो, हे सर्वजण जाणतात. परंतु भिडेखातर आप्ताला दिलेली जामीनकीही आपल्याच नावे नोंदली जाते, आणि तो थकल्यास आपला अंक घसरू शकतो, हे किती व्यापारी बंधूंस ठाऊक आहे? रोजमेळ पैपैने जुळवणाऱ्या आपण वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा हा अहवाल मागवू नये, याचेच नवल वाटते. नोंद चुकीची असल्यास तक्रार करावी; ३० दिवसांत निवारण न झाल्यास, एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार, प्रतिदिनी १०० रुपये भरपाई मिळते.