तारण काय?

‘तारण काय?’ हा प्रश्न मी बँकेच्या नोकरीत किती वेळा विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा तो विचारून झाला की पुढच्या कागदाकडे वळत असे. एकदाच तो विचारल्यावर मला माझ्याच खुर्चीत अवघडल्यासारखं झालं.

ही गोष्ट 1994-95 च्या सुमाराची. जिवती तेव्हा राजुरा तालुक्यात होती आणि माझी शाखा डोंगराच्या पायथ्याशी. गडचांदूरहून घाट चढून वर गेलं की कोलाम-गोंडांचे गुडे लागत आणि अधूनमधून मराठवाड्यातून आलेल्यांच्या वस्त्या. बहात्तरच्या दुष्काळानं तिकडची कितीतरी कुटुंबं या पठारावर आणून सोडली होती. येताना त्यांनी भांडीकुंडी आणली, गुरं आणली आणि कुस्तीही आणली. जत्रा आली की नांगरलेल्या रानात ढेकळं फोडून, पाणी मारून हौदा तयार होई. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि दिवस कलताना शेवटची इनामाची.

ही शेवटची कुस्ती लागोपाठ तीन जत्रांत मारलेल्या एका सतरा वर्षांच्या पोराचा बाप एक दिवस शाखेत आला.

‘‘सायब, पोराला कोल्हापूरच्या तालमीत धाडायचंय. वर्साचा खुराक निघंल एवढं द्या.’’

‘‘तारण काय?’’

‘‘जमीन हाय की. सात एकर.’’

‘‘सातबारा?’’

तो नुसता हसला. डोंगरावरच्या अनेकांप्रमाणे तोही जंगलखात्याच्या नोंदीतली जमीन कसत होता. घाम त्याचा होता, कागद नव्हता. मग म्हणाला, ‘‘मंग पोरगंच ठिवून घ्या तारण!’’ सगळी शाखा हसली. मीही हसलो आणि अर्ज परत केला. नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं.

त्या रात्री मला खाशाबा जाधव आठवले.

कराडजवळच्या गोळेश्वरात 1926 साली जन्मलेले खाशाबा लाल मातीतले पैलवान. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या त्या मातीत पाय रुततो आणि प्रतिस्पर्ध्याला दमवायला हवा तेवढा वेळ मिळतो. पाठ लागली की निकाल. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा पायाखाली माती नव्हती, गादी होती. तिथं घड्याळ चालतं आणि नियम वेगळे असतात. सराव जवळजवळ नसताना त्यांनी तिथं सहावा क्रमांक मिळवला. हरून आलेल्या माणसाप्रमाणे ते परत आले आणि चार वर्षं गादीची कुस्ती डोक्यात ठेवून घाम गाळला.

खेळाची जमीन बदलली की भल्याभल्यांचा तोल जातो. आयरिश आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला मुष्टियोद्धा जॉन सुलिव्हन हा उघड्या मुठींच्या जमान्यातला अखेरचा मोठा विजेता. 1889 साली मिसिसिपीच्या उन्हात त्यानं किलरेनला पंचाहत्तर फेऱ्यांपर्यंत झुंजवून हरवलं. हातमोजे त्याला नवे नव्हते, तरी त्याची सारी मदार बळावर. 1892 मध्ये न्यू ऑर्लिन्सला कॉर्बेटसमोर तो हातमोजे घालून उभा राहिला. कॉर्बेट समोर ठरेचना. तो पायांवर नाचत राहिला, चकवत राहिला आणि एकविसाव्या फेरीत सुलिव्हन खाली गेला. सुलिव्हनला नवा जमाना आडवा करून गेला. खाशाबांनी तो शिकून घेतला.

पण शिकणं एक आणि पोचणं एक. 1952 साली हेलसिंकीला जायचं, तर खर्च कुणी करायचा? गावानं वर्गणी काढली, तरी कमी पडलं. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, या कर्जाची फाईल माझ्यासमोर आली असती, तर ‘परतफेडीची शाश्वती’ या रकान्यात काय लिहावं हे मला सुचलं नसतं.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीबरोबरची दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या लढतीला उभं केलं गेलं आणि विश्रांतीचा हक्क मागायला आपला एकही पदाधिकारी तिथं नव्हता, अशी हकीगत सांगितली जाते. कराडला परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं. पदक देशाचं, परतफेड मात्र पैलवानाची!

1955 मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. 1984 साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. देशाला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडलं. मराठी माणसाला तर 2024 पर्यंत, पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवेपर्यंत, वाट पाहावी लागली.

मध्यंतरी एका जत्रेच्या निमित्तानं पुन्हा जिवतीला गेलो. तो पोरगा आता पन्नाशीकडे झुकलाय. कापूस, तूर करतो आणि संध्याकाळी वस्तीवरच्या पोरांकडून जोर-बैठका काढून घेतो. मी ओळख दिली. त्याच्या मनात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. म्हणाला, ‘‘मातीतलं समदं शिकवतो, सायब. गादीवर उभं कसं ऱ्हायचं, ते मलाच कुणी शिकवलं न्हाई.’’

पलीकडे कर्ण्यावरून शेवटच्या कुस्तीचं इनाम पुकारलं जात होतं. दर पुकाऱ्याला कुणीतरी गर्दीतून हात वर करून रक्कम वाढवत होतं. एका संध्याकाळच्या हौसेला आपल्याकडे पैसा आहे. एखाद्या पोराच्या वर्षभराच्या खुराकाला आणि तालुक्यातल्या एका गादीला मात्र नाही. जत्रेच्या पंचांनी इनामातला दहावा हिस्सा जरी त्यासाठी बाजूला काढला, तरी दोन-चार पोरं घाट उतरून पुढं जातील. माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी मी त्या संध्याकाळी पंचांच्या हाती दिली. पावती घेतली. तारण विचारलं नाही.